दाराशी पोलीस आणि आपल्या नावाचे पत्र
(मावळ व लोणावळा परिसरातील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे एक अगदी घरगुती प्रश्न मांडणार आहे. समजा, दिवेलागणीची वेळ आहे. घरचा कर्ता पुरुष अजून पुण्याच्या लोकलने परतावयाचा आहे. दाराशी दोन पोलीस येतात आणि सांगतात, "एक आक्षेपार्ह पत्र सापडले आहे, त्यावर तुमच्या मुलाचे नाव आहे." ते पत्र या घरात कोणी लिहिलेले नाही, कोणी पाहिलेलेही नाही. अशा वेळी त्या माउलीने काय करावे?

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नाव असणे म्हणजे कृत्य सिद्ध होणे नव्हे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव तेथे त्याने केलेल्या दाराच्या कामाशी जोडलेले आहे. तेथे नाव आणि काम एकाच दगडात आहेत. पाकिटावरचे नाव मात्र कोणीही लिहू शकतो, आणि संगणकातील पत्र तर त्याहूनही सहज घालता येते.

ही केवळ कल्पना नव्हे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी भीमा कोरेगाव प्रकरणात डॉ. आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातील घराची झडती घेतली. त्यांच्या पत्नी रमाताई या बाबासाहेबांच्या नात. त्या वेळी दोघेही घरी नव्हते. रखवालदाराकडून दुसरी किल्ली घेऊन घर उघडले गेले, असे तेलतुंबडे यांनी जाहीरपणे लिहिले आहे. पुढे दुसऱ्यांच्या संगणकात सापडल्याचे सांगितलेल्या पत्रांतील 'आनंद' म्हणजे तेच, असे म्हटले गेले. त्यांनी ते साफ नाकारले. १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी, त्यांना अटक झाली. २०२१ साली अमेरिकेतील आर्सेनल या तपासणी संस्थेने, सहआरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात पत्रे बाहेरून घातली गेल्याचा अहवाल दिला. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेलतुंबडे यांना जामीन दिला आणि दहशतवादी कृत्यात त्यांचा सहभाग प्रथमदर्शनी दिसत नाही असे म्हटले. ते तुरुंगाबाहेर आले तो दिवस २६ नोव्हेंबर, संविधान दिन, होता. जामीन म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे खरे. परंतु निकालापूर्वीच माणसाची अडीच वर्षे गेली, हेही खरे.

यातून आपण घ्यावयाचा धडा रमाताईंच्या वागण्यात आहे. झडतीची वार्ता कळताच त्या गोव्यास गेल्या आणि त्यांनी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदविली. रडगाणे नाही, शिवीगाळ नाही. कागदाला कागदाने उत्तर.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार म्हणून चौकशीसाठी स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना व साठ वर्षांवरील वृद्धांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांची विचारपूस राहत्या घरीच व्हावी लागते. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नाही. ज्या उत्तराने आपणच आरोपात गुंतू, ते उत्तर देण्याची सक्ती नाही. संविधानाच्या अनुच्छेद २० चेही हेच अभिवचन आहे. झडतीच्या वेळी पंच असावेत, तिचे चित्रीकरण व्हावे आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरमालकास मिळावी, असा नियम आहे. अटक झाल्यास तिचे कारण कळले पाहिजे, वकील भेटला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

म्हणून त्या माउलीने शांतपणे पोलिसांचे नाव, हुद्दा व ठाणे विचारून लिहून घ्यावे. लोणावळा, कामशेत व वडगाव ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, तर तळेगाव दाभाडे हे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. तेव्हा आलेला माणूस नेमका कोठला, हे ठाण्यास दूरध्वनी करून पडताळावे. नोटीस लेखी मागावी. तसले पत्र घरी आले असेल तर ते फाडू वा जाळू नये. पाकिटासह जपून ठेवावे, कारण टपालाचा शिक्का हाही एक साक्षीदार असतो. पोलिसांना अडवू नये, पण कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये. ते गेल्यावर त्याच रात्री सर्व हकीकत वेळेसह लिहून काढावी.

याउलट, "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, पैसे भरा, नाहीतर डिजिटल अटक करू," असा दूरध्वनी आला तर तो लुबाडणुकीचा धंदा समजावा. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

वकिलास पैसे कोठून आणावे, ही चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींना व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे. धम्म स्वीकारला म्हणून हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवावी. त्या वर्षापासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायद्याने मान्य आहे.

शेवटी एक शंका राहते. चौथे शील असत्य बोलू नये असे सांगते. मग गप्प राहणे हे शीलाला धरून आहे काय? आहे. खोटे बोलणे वेगळे आणि वकील येईपर्यंत न बोलणे वेगळे. भीतीपोटी न केलेले कबूल करणे, हेच खरे असत्य होय. आपल्या वाडवडिलांना चावडीवरून बोलावणे आले की हात जोडून उभे राहावे लागे. आपण सत्य बोलू, कायदा पाळू. परंतु उभे राहू ते नागरिक म्हणून.

जयभीम.