'विस्तार' म्हणजे काय?

(गाव समित्यांच्या शिबिरात झालेले भाषण)



आज कायद्यातला एकच शब्द समजून घेऊ. विस्तार. आपण म्हणतो विस्तार म्हणजे पसारा. कायद्यात त्याचा अर्थ, जो कायदा आपल्या भागाला लागू नव्हता तो लागू करणे. १९९३ साली पंचायतीची ७३वी घटनादुरुस्ती देशभर आली, तेव्हा अनुसूचित क्षेत्रं बाहेर ठेवली होती. १९९६ साली पेसा कायद्याने ती आपल्यापर्यंत आणली. पण जशीच्या तशी नाही, बदल करून. आपल्या रूढी आणि गावाची साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे, हे त्यात लिहिलं.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याचं कलम ३ आपल्याला पाठ आहे. कसत असलेली जमीन, गौण वनउपज, सामूहिक वन. कलम ५ मात्र आपण वाचत नाही, कारण वर 'कर्तव्ये' लिहिलंय. आपल्याला वाटतं, झाला साहेबाचा हुकूम! पण खाली वाचा. जंगल, वन्यप्राणी, पाण्याच्या जागा राखण्याचा ग्रामसभेला अधिकार दिला आहे, असे शब्द आहेत. म्हणजे नाव कर्तव्याचं, पण हाती दिला तो अधिकार.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर लाकूड न्यायला बाहेरचा टेम्पो आला. आम्ही अडवला. फॉरेस्टचा माणूस म्हणाला, "तुम्ही कोण अडवणार?" कलम ५ आमच्या बाजूने होतं. पण ग्रामसभेचा ठराव नव्हता, समिती नव्हती. आम्ही गप्प बसलो. टेम्पो गेला.

कोणी म्हणतात, जंगल राखलं नाही तर प्लॉट जाईल. घाबरू नका. कलम ५ मध्ये असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपण राखलं नाही, तर राखायच्या नावाने दुसरा आत शिरेल, हे खरं.

म्हणून गावी गेल्यावर ग्रामसभा बोलवा. निम्मी माणसं हवीत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. कलम ५ साठी आपल्यातलीच समिती निवडा, नियमांत तशी तरतूद आहे. वणवा कोण विझवणार, झरा कोण साफ ठेवणार, कुऱ्हाड कुठे चालणार नाही, हे ठरावात लिहा. सह्या-अंगठे घ्या, नक्कल गावात ठेवा. पुढचा टेम्पो आला की तोच कागद दाखवायचा आहे.

जिंदाबाद!