ईश्वराची तहान

तहान हें उणेपणाचें लक्षण, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें धन्य म्हटलें तें तृप्तांस नव्हे, तर नीतिमत्त्वासाठीं भुकेल्या-तान्हेल्यांस. उपासनेचा नेम चालूं राहतो, प्रार्थना मुखोद्गत होतात. आणि त्याच वेळीं अंतरींची ओढ नकळत आटूं शकते. बाहेरून तें कोणासही दिसत नाहीं, हाच त्यांतील मोठा धोका होय.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं आप्तजन दुरावले; पत्नी लक्ष्मीबाई यांचाही कांहीं वर्षें वियोग घडला. पुढें संसार पुन्हां जुळला, कवि म्हणून कीर्ति झाली, मिशनच्या कार्यांत मान लाभला. येथें कोणीही समाधान मानलें असतें. परंतु प्रभूची ओळख झाल्यानें टिळकांची ओढ शमली नाहीं, उलट वाढली. १९१७ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ सालीं त्यांचें निधन झालें, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच होतें.

ही ओढ ज्याच्या ठायीं मंदावली, त्यानें काय करावें? संत ऑगस्टीन यांनीं ईश्वराच्या इच्छेलाच प्रार्थना मानलें आहे. इच्छा अखंड, तर प्रार्थनाही अखंड. मग ज्याला आपल्या कोरडेपणाची खंत वाटते, त्याच्या अंतरीं ती इच्छा अजून जिवंत आहे. त्या खंतीपासूनच त्यानें आरंभ करावा.