माझी 'पाऊणकी'



प्राथमिक शाळेच्या मास्तरानें सायकल बाळगली, छत्री बाळगली, फार तर एखादी दुभती म्हैस बाळगली, तर त्यांत कोणासहि वावगें वाटत नाहीं. परंतु त्यानें होडी बाळगली, आणि तीहि पोटासाठीं नव्हे, तर केवळ सुटीच्या दिवशीं गळ टाकून बसण्यासाठीं, कीं त्याच्या अकलेविषयीं गांवांत शंका घेतली जाते. ही शंका मी १९८७ सालापासून सोशीत आलों आहें. आज तिचें निरसन करावें असा माझा हेतु नाहीं. कारण ती अगदींच निराधार आहे असें मला स्वतःलाहि वाटत नाहीं.

आमचें घर सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कर्ली खाडीच्या कांठीं आहे. ही कर्ली सह्याद्रींत उगम पावून कुडाळवरून खालीं येते. आणि समुद्र अगदीं हाकेच्या अंतरावर आला असतां त्याला एकदम मिळावयाचें सोडून देवबागच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीमागून दक्षिणेकडे वळते व त्या पट्टीच्या टोंकाशीं समुद्राला भेटते. पट्टीच्या एका अंगास लाटांची गर्जना आणि दुसऱ्या अंगास खाडीचें संथ पाणी. माझी होडी या संथ पाण्यासाठींच घेतलेली. तेरा फूट लांब, तळ आंब्याचा बुंधा कोरून केलेला, त्यावर फणसाच्या फळ्या चढवून कांठ उंच केलेले, आणि एका बाजूला तोल सांभाळणारी उलांडी. आमच्या वाडींतील एका वृद्ध गाबीत तांडेलानें ती मला विकली. किंमत माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराएवढी पडली. ते पैसे घराच्या कौलांसाठीं बाजूला ठेवलेले होते ही गोष्ट माझ्या पत्नीनें मला त्या वर्षींच्या पावसाळ्यांत, जेथें जेथें गळत होतें तेथें तेथें भांडें ठेवतांना, न बोलतां सांगितली.

होडीचें नांव मीं 'पाऊणकी' ठेविलें. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या पिढीनें घोकले. आजच्या मुलांना त्यांचीं नांवेंहि ठाऊक नसतात. किनाऱ्यावर मात्र पाऊणकीचा एक चिरंतन उपयोग आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. पुढें सहा तासांनीं ओहोटी. भरती रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते यांत या ठोकताळ्याचें सारें रहस्य आहे. माझ्या पत्नीचें म्हणणें असें कीं, नांव अगदीं यथार्थ आहे. या होडीच्या कोणत्याहि कामांत एक चतुर्थांश नेहमीं कमीच पडतो, आणि तो घरांतून भरावा लागतो.

लांकडी होडी एकदां घेतली म्हणजे झालें, असें ज्यास वाटतें त्यानें ती घेऊं नये. घेतल्यानंतरच्या पहिल्या वैशाखांत मीं ती मोठ्या काळजीनें पाण्याबाहेर काढून उन्हांत पालथी घातली. तांडेल दुपारीं आला, आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, होडी पाण्यांत मरणा नाय, उन्हांत मरता." खरोखरच आठ दिवसांत फळ्या आकसून सांध्यांतून बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मग सांधे खरवडणें, त्यांत कापूस कोंबणें, वर राळ चोपडणें, उंडीच्या तेलाचे हात देणें, आणि एवढें झाल्यावरहि पहिले दोन दिवस होडी कांठाशीं बुडवून ठेवणें, म्हणजे लांकूड फुगून आपल्या भेगा आपणच बुजवितें. बुडूं नये म्हणून बुडवावयाची! हा विरोधाभास मीं पुढें अलंकार शिकवितांना वर्गांत कितीदां तरी वापरला.

परंतु केवळ पाण्यांत ठेवूनहि भागत नाहीं. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा एक प्राणी असतो. सारे त्याला किडा म्हणतात; वास्तविक तो शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. डोक्याकडील दोन इवल्या शिंपांनीं तो लांकूड किसतो आणि भुसा खातो. बाहेरून टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र दिसतें, आंत फळीची चाळण झालेली असते. १७३० नंतरच्या कांहीं वर्षांत हॉलंडच्या समुद्रबांधांचें लांकूड यानेंच पोखरलें, आणि त्या संपन्न राष्ट्राला तेथें दगड बसवावे लागले. तेथें एका शिक्षकाच्या होडीची काय कथा! यावर तांडेलाचा उपाय असा कीं, ठराविक दिवसांनीं होडी कांठावर कलती करावी आणि माडाचें वाळलेलें चुडत पेटवून त्याची ज्वाळा तळावरून झरझर फिरवावी. शेवाळ जळतें, छिद्रांतील जीव मरतो, आणि लांकडाला मात्र केवळ ऊब लागते. हात जरा रेंगाळला तर होडीच पेटावयाची. हें काम त्यानें मला तीन वर्षेंपर्यंत करूं दिलें नाहीं. पावसाळा हा दुसरा वैद्य. आषाढांत खाडी गोडी होते, आणि गोड्या पाण्यांत हा जीव टिकत नाहीं. पण त्या महिन्यांत पुराच्या भयानें होडी झांपांच्या छपराखालीं असते, म्हणून आमच्या वांट्यास ते औषध क्वचितच आलें.

माशांविषयीं फारसें सांगत नाहीं. गरवणारे लोक माशांच्या लांबीविषयीं जें सांगतात त्यांतील निम्मेंच खरें मानावें, असा माझा अनुभव आहे, आणि तो मीं स्वतःवरूनच घेतला आहे. तंगुसाची दोरी, शिशाचा गोळा आणि गरीला जिवंत कोळंबी, एवढेंच माझें साहित्य. बोय गळाला सहसा लागत नाहीं, शेंगाळा नको असतांना लागतो, आणि तांबोशी बुडालेल्या मुळांच्या आडोशाला बसून पाणी फिरण्याची वाट पाहते. भरतीची ओहोटी होतांना पाणी क्षणभर स्तब्ध होतें, त्या वेळीं दोरीला जो हिसका बसतो, त्यासाठींच हा सारा खटाटोप. होडीच्या जमाखर्चाची वही मीं आरंभापासून ठेविली आहे. तिच्याप्रमाणें प्रत्येक तांबोशी मला मालवणच्या बाजारभावाच्या चौपट पडली.

आतां एक गोष्ट सांगावयाची, जी मीं आजवर जाहीरपणें कोठेंहि सांगितलेली नाहीं.

१९९७ सालची कार्तिक अमावास्या, वार रविवार. माझी कन्या तेव्हां नऊ वर्षांची होती. ती फार दिवसांपासून हट्ट करीत होती, म्हणून मीं तिला बरोबर घेतलें. अमावास्या म्हणजे भरती बाराला. साडेदहाला निघावें, मुखाजवळ तासभर गरवावें, आणि ओहोटीला जोर चढण्यापूर्वीं परतावें, असा माझा बेत होता. वेळ मीं पाऊणकीनें बरोबर काढली होती. पण ती आमच्या वाडीपाशींची वेळ. समुद्राची भरती मुखाशीं आधीं येते आणि खाडींत आंत पोंचावयास तिला अवकाश लागतो. अर्थात् मुखाशीं ती परतावयासहि आधीं लागते, हें मीं लक्षांत घेतलें नाहीं. शिवाय अमावास्येचें तें उधाण. भांगाच्या दिवसांत जें पाणी सावकाश ओसरतें तेंच उधाणांत ओढून नेतें. त्यांत दुर्दैवानें तांबोशी लागूं लागल्या. एकापाठोपाठ एक अशा तीन. मुलगी टाळ्या पिटीत होती, आणि मी तिच्याहून लहान झालों होतों.

मान वर करून पाहिलें तेव्हां कांठावरच्या सुरूच्या ओळी उलट दिशेला सरकत होत्या. नांगर वाळूवरून घसरत होता. मीं वल्हीं घेतलीं. इतक्यांत वायव्येकडून वारा उठला. खारे वारे व मतलई वारे हा पाठ मीं तोंवर अठरा वर्षें शिकविला होता. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून वारा येतो, हें पोरांकडून पाठ करून घेतलें होतें. तोच वारा आतां परतीच्या वाटेवर माझ्या तोंडावर आला. अर्धा तास जीव तोडून वल्हविलें, आणि होडी जागच्या जागीं राहिली. मग जागचीहि राहीना. पुढें मुखाशीं बाहेर जाणारी ओहोटी आणि आंत येणाऱ्या लाटा यांची गांठ पडून पांढऱ्या फेंसाची भिंत उभी राहिली होती. त्या भिंतींत आमची होडी टिकली नसती.

मधोमध वाळूचा एक दांडा पाण्याबाहेर डोकें काढूं लागला होता. मीं वल्हविणें सोडून होडी तिरकी केली आणि प्रवाहाच्याच जोरानें त्या दांड्यावर चढविली. उलांडीचा एक आडवा दांडा मोडला, पण होडी रुतली. मग दुपारीं अडीचपासून सातनंतर भरतीनें आम्हांला उचलीपर्यंत आम्ही दोघें तेथें बसून होतों. हांका मारल्या, त्या लाटांच्या आवाजांत विरल्या. अंधार पडला, चंद्र तर त्या रात्रीं नव्हताच. मीं आपला सदरा काढून मुलीभोंवतीं गुंडाळला आणि तिला शेवटपर्यंत गोष्टी सांगत राहिलों. नऊ-साडेनऊला वाडीच्या धक्क्यापाशीं आलों, तों कांठावर बत्त्या घेऊन सारी वाडी उभी. माझ्या पत्नीनें मुलीला घेतलें आणि ती घरीं गेली. मला ती कांहीं बोलली नाहीं; त्या रात्रीं नाहीं आणि त्यानंतरहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तांडेल आला. होडीभोंवतीं एक फेरी मारून त्यानें माझीं दोन्ही वल्हीं खांद्यावर टाकलीं आणि तो चालूं लागला. मी ओट्यावरून पाहत होतों, पण 'कां' म्हणून विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता. शिमगा झाल्यावर एके दिवशीं तीं वल्हीं माझ्या ओट्याला टेकून ठेवलेलीं आढळलीं. इतक्या वर्षांच्या नोकरींत मीं मुलांना नाना शिक्षा केल्या. इतकी नेमकी शिक्षा मला एकदांहि साधली नाहीं.

पुढचीं वर्षें साधीं गेलीं. तांडेल वारला. मी सेवानिवृत्त झालों. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां परसांतला एक माड होडीवर आडवा झाला आणि फणसाच्या दोन फळ्या फुटल्या. दुरुस्तीस सुतार मिळेना. जो तो म्हणे, वरून फायबरचा लेप द्या आणि निश्चिंत व्हा. पण ओल्या जुन्या लांकडावर असा लेप दिला म्हणजे आंत कोंडलेली ओल लांकूड कुजविते, हें मीं दुसऱ्यांच्या होड्यांत पाहिलें होतें. अखेर मूळ किमतीच्या कितीतरी पट खर्चून फळ्याच बदलल्या. वहींत तो आंकडा मीं पेन्सिलीनें लिहिला आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या हृदयाची रक्तवाहिनी रुंद करावी लागली. कन्या पुण्याहून आली, आणि महिनाभर राहून निघतांना म्हणाली, "बाबा, आतां ती होडी विका." मीं तिला प्रथमच विचारलें, "त्या रात्रीचें तुला कांहीं आठवतें का ग?" ती म्हणाली, "आठवतें ना. मीं बोट घातलें कीं पाणी निळें चमकत होतें. केवढें सुंदर होतें तें!" हिंवाळ्याच्या तोंडाशीं समुद्रांतील सूक्ष्म जीवांमुळें आमच्याकडे कधीं कधीं असें तेज दिसतें. मला बरें वाटलें. मग थोडें थांबून ती म्हणाली, "आणि तुमचा हात कांपत होता. गोष्ट सांगत होतां, पण हात सारखा कांपत होता."

मीं विकण्याचें कबूल केलें. अशा गोष्टींना गिऱ्हाईक लवकर मिळतें. पर्यटकांसाठीं नवीन बांधलेल्या एका निवासाचे मालक आले. त्यांनीं मागेन ती किंमत देऊं केली. होडी दारांत ठेवून तींत माती भरावयाची आणि फुलझाडें लावावयाचीं, असा त्यांचा विचार होता. मी हो म्हणण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत आंतून माझी पत्नी बाहेर आली. या होडीवर तिनें कधीं पाऊल ठेवलेलें नाहीं. ती म्हणाली, "अहो, विकायची तर पाण्यांत नेणाऱ्याला विका. हिच्यांत माती कसली भरतां?"

पाण्यांत नेणारें गिऱ्हाईक अद्याप आलेलें नाहीं. तोंवर तांडेलाचा नातू रविवारीं मला वळणापर्यंत नेतो. त्याच्या पुढें मीं जाऊं नये, उधाणाच्या दिवशीं मुळींच जाऊं नये आणि एकट्यानें कधींच जाऊं नये, असें घरांत ठरलें आहे. तो भरतीची वेळ खिशांतल्या फोनवर पाहतो, मी बोटांवर मोजतों. मग आमचा वीस मिनिटांवरून वाद होतो. नारळी पौर्णिमेला होडी छपराबाहेर काढली तेव्हां डाव्या अंगाच्या एका जुन्या फळीवर टांचणीच्या टोंकाएवढीं दोन छिद्रें दिसलीं. चुडतें वाळत घातलीं आहेत, आणि उंडीचें तेल आणून ठेवलें आहे.