मदत येते, पण कोणाच्या खात्यावर?

(मंडळाच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. भाषणाची सवय नाही. पण पुरानंतर सरकार जी मदत देते तिची चौकशी शेवटी आमच्याच खिडकीवर होते. ती कुठे अडते ते आम्हाला दिसते, म्हणून उभे राहिलो.

ऑगस्ट 2019 आठवा. वर पाऊस कोसळत होता, तिळारी धरणातून पाणी सोडलेले, आणि डिचोलीतील साळ, पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल या भागांत पूर शिरला. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. भात आडवे झाले, केळीच्या बागा गेल्या. अशा वेळी राज्य सरकारचा शेतकरी आधार निधी असतो. कृषी खात्याचे कर्मचारी पाहणी करतात, अर्ज विभागीय कृषी कार्यालयात जातो, पैसे खात्यात जमा होतात. 2021 च्या सुमारास भाताला दर होता हेक्टरी 40 हजार रुपये, तोही चार हेक्टरपर्यंत.

हिशेब करणे हा आमचा धंदाच. हेक्टरी 40 हजार म्हणजे चौरस मीटरला 4 रुपये. दोन हजार मीटर कसणाऱ्याच्या हाती पडतात 8 हजार. नांगरणी, बियाणे, खत, मजुरी धरली तर उरते काय ते सांगायला नको. पण निदान तेवढे तरी त्याला मिळावेत!

अडचण आहे ती एक-चौदाच्या उताऱ्याची. त्यावर नाव कोणाचे? आपल्या आजोबांचे, पणजोबांचे. वारसांची इन्व्हेंटरी झालेली नाही. निम्मे वारस मुंबई-पुण्यात. आणि शेत कसतो तो भलताच. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात 1964 साली कूळ कायदा आला, शशिकलाताई काकोडकरांच्या काळात 1976 साली कुळांना मालकीची वाट मोकळी करणारी दुरुस्ती झाली. तरी कुळाचा रकाना कोरा असलेले उतारे आजही पुष्कळ आहेत. मग कसणाऱ्याकडे मालकाची संमती मागतात आणि तो आपल्या दारात येतो.

आपण काय करतो? "बघूया," म्हणतो. मनात भीती एकच, सही दिली तर उद्या कूळ लागेल.

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवा? आमच्याच घरी पुरानंतर शेत कसणारा माणूस तीन खेपा घालून गेला. आम्ही काकांना विचारतो म्हणालो, काकांनी आत्याकडे बोट दाखवले. मुदत निघून गेली. पुढच्या वर्षी ते शेत पडीक राहिले, आजही पडीकच आहे. जमीन आमचीच राहिली, पण तिच्यात भात उरले नाही.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिला उपाय आहे. संमतीपत्र त्या हंगामाच्या पिकापुरते आणि नुकसानभरपाईपुरतेच लिहावे. वकिलाला दाखवावे, मग सही करावी. पावसाळ्यापूर्वीच हे झाले तर धावपळही होत नाही. घरोघरच्या इन्व्हेंटऱ्या मार्गी लावाव्यात. कसणाऱ्याचे खाते चालू आहे ना, आधार जोडलेला आहे ना, हेही विचारावे. बंद पडलेल्या खात्यामुळे आलेली मदत परत गेलेली आम्ही पाहिली आहे.

आणि आपल्या आमदारांकडे मागणी एकच करूया. पीक ज्याने लावले, मदत त्याला. तलाठ्याने आणि पंचायतीने जागेवर खात्री करावी, जमिनीच्या हक्काचा वाद मामलेदारांकडे वेगळा चालू द्यावा. पूर आला की पाणी उताऱ्यावरचे नाव वाचत बसत नाही.

पुढच्या वेळी कोणी दारात आला तर "बघूया" म्हणू नका. एवढीच विनंती.