नारळ उभा राहिला, आता पाणी लागेल?

श्रोतेहो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, दुष्काळाची तयारी म्हणजे काय असं विचारलं, तर अनेक कोरडवाहू घरांतून एकच उत्तर येईल: बोअर. आणि तो कुठे घ्यायचा? पाणाड्या सांगेल तिथे. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्यातून पाणाड्या पायाळू असला तर मग शंकाच नको!

याला हसण्यात अर्थ नाही. दोन एकरवाल्याला कर्ज काढून खडकात भोक पाडायचं असतं. त्याच्या मनाला आधार हवा असतो, तो पाणाड्या देतो. शिवाय त्याचा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. इथला खडक म्हणजे काळा बेसॉल्ट. त्याच्या वरच्या मुरमात आणि भेगांत पावसाचं पाणी साठतं, त्यामुळे बऱ्या पावसानंतर अनेक ठिकाणी थोडंफार लागतंच. लागलं तर नारळ खरा, नाही लागलं तर आपलं नशीब खोटं! पण खाली एकसंध पाषाण लागला की कितीही खोल गेलं तरी वर नुसती धूळ येते. गाठीचा पैसा त्या भोकात गेलेला असतो आणि उन्हाळ्यात जनावरांच्या चाऱ्याला काही उरत नाही.

सगळ्याच श्रद्धा घर बुडवतात असंही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यावर त्यांचा विश्वास. त्यापायी त्यांनी जुने वाण जपले, वाटले; २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पहिली पेरणी वाया गेली, तर ज्या घरात बी आहे त्याला दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

पाण्याचं तसं व्हायचं, तर प्रश्नच बदलावा लागतो. हिवरे बाजारने तो बदलला. पाणी कुठे आहे, याऐवजी किती आहे, असं त्या गावाने विचारलं. १९९०च्या दशकात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पाणलोटाची कामं झाली. शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळीही बंद. गावात पाऊस मोजतात आणि त्या हिशेबाने ग्रामसभेत पिकं ठरतात.

पाणाड्याला बोलवायचंच असेल तर बोलवा. पण त्याआधी मे महिन्यात शेजारच्या चार विहिरींत दोरी सोडून पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी मोजत असते. आपल्या शिवाराजवळच्या विहिरीची नोंद तिच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा.