मोटारघरांतून समुद्रापार

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आणि नातवंडें आज इंग्लंडांत राहतात. दर उन्हाळ्यांत पुण्या-मुंबईच्या आईवडिलांची एक वारी तिकडे होत असते. पहिले चार आठवडे नातवंडांच्या कौतुकांत जातात, मग मुलें म्हणतात, "आतां तुम्हांला थोडा युरोप दाखवूं." येथून जो विचार सुरू होतो त्यांत विमानाचीं तिकिटें, हॉटेलांचीं भाडीं, परकें जेवण आणि आईचे गुडघे असे चार अडथळे उभे राहतात. हे चारहि अडथळे बव्हंशीं दूर करणारें एक वाहन आहे. त्यांत निजावयाची सोय असते, लहानशी चूल असते, पाण्याची टांकी आणि शौचकूपहि असतो. त्याला मी आज मोटारघर म्हणणार आहें. तें इंग्लंडच्या बंदरांत फेरीबोटींत चालवीत न्यावें आणि पलीकडच्या देशांत चालवीत उतरवावें, इतका हा प्रवास सोपा दिसतो. तो निर्धोक कसा व्हावा आणि बेताच्या खर्चांत कसा बसावा, याविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

आमचा प्रवास आईसाठीं होता. माझी आई खडकीची. तिच्या आजोबांचे थोरले बंधु पहिल्या महायुद्धांत फ्रान्सला गेले, ते परतले नाहींत. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्स पथकाच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्यांनीं २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल या गांवावर शीख आणि भोपाळ पलटणींच्या बरोबरीनें हल्ला चढविला होता. त्यांत दोन्ही कंपन्यांची फार मोठी हानि झाली. गांवाबाहेर १९२७ सालीं एक स्मारक उभारण्यांत आलें. ज्यांच्या समाधीचा ठाव लागला नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची स्मृति तेथें जतन केलेली आहे. आमच्या घरांत त्या पणजोबांचें छायाचित्र नाहीं, पत्र नाहीं. राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या नोंदवहींत त्यांचें नांव सांपडलें, तेव्हां आई म्हणाली, "अगं, एकदां तेथें जाऊन हात लावून यावा असें वाटतें." हें ठिकाण कॅले बंदरापासून शंभर किलोमीटरांच्या आंत आहे. परंतु आईचें वय चौऱ्याहत्तर. तासाभराहून अधिक बसवत नाहीं आणि औषधें वेळच्या वेळीं लागतात. म्हणून मोटारघराचा विचार निघाला.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. ती इंग्लंडांत पोंचल्यावर करावयाची नसून भारतांतून निघण्यापूर्वींच करावयाची आहे. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांस फ्रान्ससाठीं शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा त्या कामीं उपयोगी पडत नाहीं. पाहुणा म्हणून ब्रिटनमध्यें आलेल्या माणसास तेथून हा अर्ज सामान्यतः करतां येत नाहीं. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत आणि निदान पंधरा दिवस आधीं द्यावा लागतो. त्यासोबत निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा असावा लागतो. मुलामुलींचा पासपोर्ट ब्रिटिश असला तरी त्यांनीं निश्चिंत राहूं नये. ब्रिटन युरोपीय संघांतून ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडलें, आणि आतां त्यांना कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसच शेंगेन प्रदेशांत राहतां येतें. गाडीचें नोंदणीपत्र मूळ प्रतींत हवें. गाडी भाड्याची असेल तर ती परदेशीं नेण्याचा व्ही. ई. १०३ हा दाखला भाड्यानें देणाऱ्याकडून मागून घ्यावा. पूर्वींची "जी. बी." ही खूणचिठ्ठी सप्टेंबर २०२१ पासून चालत नाहीं, तिच्या जागीं "यू. के." अशी लावावी.

कागदपत्रांबरोबर डब्यांचाहि विचार करावा लागतो. ब्रिटनहून युरोपीय संघांत जातांना मांसाचे व दुधाचे पदार्थ बरोबर नेण्यास मनाई आहे. म्हणजे आईनें प्रेमानें कढविलेलें साजूक तूप, पेढे आणि श्रीखंड हीं सर्व घरींच ठेवावीं लागलीं. तांदूळ, डाळ, मसाले, पापड यांवर तशी आडकाठी नव्हती.

दुसरी गोष्ट वजनाची. आणि येथें मीं केलेली चूक सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. बहुतेक मोटारघरांची कमाल वजनमर्यादा ३,५०० किलो असते. साध्या मोटारीच्या परवान्यावर चालविण्याची मर्यादाहि सामान्यतः तीच. मोटारघर रिकामें असतांनाच त्या मर्यादेच्या जवळ गेलेलें असतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कपाटें मोकळीं दिसलीं कीं तीं भरण्याचा मोह होतो. आम्हीं टांकी कांठोकांठ भरली, मागें दोन सायकली टांगल्या, अंगणासारखा उभारावयाचा तंबू घेतला, आणि सामानसुमानासह गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. कांट्यानें ३,६२० किलो दाखविले! आम्ही दोघे, आई आणि मुलगी अशीं चार माणसें त्यांत बसलेलीं होतीं. असें अतिरिक्त वजन असल्यास ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें, टायर तापून फुटण्याचा संभव वाढतो, दंड होतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीशीं वाद उभा राहतो. माझे यजमान म्हणाले, "थोडेंसेंच तर आहे." आई मागून म्हणाली, "थोडेंसें ज्याला म्हणतोस तें माझ्याहून दुप्पट आहे रे." मग मात्र सर्व मुकाट्यानें उतरले.

एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. शंभर लिटरांच्या टांकींत वीसच लिटर ठेवलें, तेव्हां ८० किलो गेले. पाणी पलीकडेहि मिळतें. सायकली व त्यांची चौकट मिळून ४५ किलो, तंबू २५ किलो. एकंदर १५० किलो उतरले आणि गाडी ३,४७० वर आली. फेरीबोटीचें भाडें गाडीच्या लांबी-उंचीवर ठरतें, आणि मागें टांगलेल्या सायकलींची लांबीहि मोजली जाते. सायकली उतरतांच आमची गाडी खालच्या भाड्याच्या गटांत बसली. वजन कमी झाल्यानें तेलहि कमी लागलें. सुरक्षितता आणि काटकसर या दोन विरुद्ध गोष्टी आहेत अशी माझी समजूत होती. त्या कांट्यावर ती समजूत गेली.

बोटीचे भाडें ठरवितांना आणखी तीन गोष्टी पाहाव्या. शाळांच्या सुट्ट्या टाळाव्या; आठवड्याच्या मधल्या दिवसाचें आणि गैरसोयीच्या वेळेचें भाडें बहुधा उतरतें असतें. केवळ तिकीट स्वस्त म्हणून दूरचें बंदर निवडूं नये. तेथून पुढचें तेल, पथकर आणि चालकाचा थकवा हे सर्व त्या तिकिटांत मिळवून मगच तुलना करावी. डोव्हर ते कॅले हा प्रवास सुमारें दीड तासाचा. न्यूहेवन ते डिएप सुमारें चार तासांचा. आणि पोर्ट्समथहून स्पेनमधील सांतांदेरला जाण्यास एक संपूर्ण दिवसाहून अधिक लागतो. ज्यास स्पेनच पाहावयाचा आहे त्यास ती लांब बोट महाग दिसली तरी फ्रान्स ओलांडण्याचे दोन-तीन दिवस आणि तेल वांचतें. आम्हांस नव्ह शापेलला जावयाचें होतें, म्हणून डोव्हरच योग्य.

आज गाड्या चालत बोटींत शिरतात, याचें आपणांस नवल वाटत नाहीं. १९२८ सालीं कॅप्टन स्टुअर्ट टाउनसेंड यांनीं या खाडींतून मोटारी नेण्यास आरंभ केला तेव्हां एकेक गाडी यारीनें उचलून बोटीवर ठेवावी लागे. गाडी चालवीत आंत नेण्याची सोय डोव्हरला १९५३ सालीं झाली. या सोयीसाठीं बोटीच्या तोंडाशीं मोठीं दारें असतात. ६ मार्च १९८७ रोजीं बेल्जममधील झेब्रुग बंदरांतून निघालेली "हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ" ही बोट तें दार उघडें राहिल्यामुळें कांहीं क्षणांत कलंडली आणि १९३ माणसें दगावलीं. त्यानंतर नियम कडक झाले. म्हणून बोटीवरील खलाशी ज्या सूचना देतो त्या रिकाम्या उपचाराच्या नाहींत, हें मुलांना आधींच सांगावें.

गॅसच्या टांकीची चावी बंद करावी. गॅसवर चालणारें शीतकपाट विझवावें. गाडी गिअरमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा. बोट चालू असतां गाड्यांच्या मजल्यावर थांबतां येत नाहीं. तेव्हां औषधें, पाणी, चष्मा आणि शाल एका पिशवींत घेऊनच वर जावें, आणि आपल्या मजल्याचा क्रमांक व जिना लिहून घ्यावा. म्हातारें माणूस बरोबर असल्यास तिकीट काढतांनाच तसें कळवावें, म्हणजे गाडी उद्वाहकाजवळ उभी करून देण्याची व्यवस्था होते. ज्यांस बोट लागते त्यांनीं बोटीच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावर बसावें. डोव्हरला फ्रेंच अधिकाऱ्यांची तपासणी इंग्लंडच्या भूमीवरच, बोटीवर चढण्यापूर्वीं होते. तेव्हां घाईनें पोंचूं नये, दोन तास हाताशीं ठेवावे.

कॅलेला उतरतांच खरी परीक्षा सुरू होते. आपण आणि इंग्रज डावीकडून गाडी हांकणारे. पलीकडे सर्व उजवीकडून. मोठ्या रस्त्यावर पुढच्या गाड्यांच्या ओघांत चूक होत नाहीं. ती होते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून निघतांना अथवा सकाळीं झोपेच्या डोळ्यांनीं तळावरून बाहेर पडतांना. आम्हीं हें काम आईकडे सोंपविलें होतें. गाडी सुरू झाली कीं ती मागून म्हणे, "उजवीकडून गं." पहिल्या दिवशीं हंसूं आलें, दुसऱ्या दिवशीं एका ओसाड फाट्यावर माझा हात खरोखरच डावीकडे वळत होता, आणि त्या चार अक्षरांनीं तो थांबविला. गाडीची उंची मीटरांत लिहून चालकासमोर चिकटवावी. खाली पूल आला म्हणजे आठवणीवर भिस्त ठेवूं नये. समोरच्या दिव्यांचा झोत उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीं फिरवून घ्यावा. झगझगीत जाकीट आणि त्रिकोणी फलक हाताशीं असावे. वेग बेतानें ठेवावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ९० च्या ऐवजीं ११० नें गेल्यास तो सुमारें दीडपट होतो, आणि ती किंमत तेलाच्या रूपानें आपणच देतों.

रात्रीच्या मुक्कामाविषयीं माझा आग्रह आहे. मोठ्या मोटारमार्गांवरील विश्रांतिस्थळीं फुकट थांबतां येतें, म्हणून तेथें निजूं नये. चोऱ्या तेथेंच होतात. फ्रान्समधील पुष्कळ गांवांनीं मोटारघरांसाठीं वेगळे तळ केलेले आहेत. तेथें पाणी भरतां येतें, सांडपाणी टाकतां येतें आणि शेजारीं माणसें असतात. भाडें थोडें असतें. उजेड आहे तोंवर पोंचावें. गाडीचें तोंड बाहेरच्या बाजूस ठेवावें आणि चालकाची बैठक सामानानें अडवूं नये. जागा मनास पटली नाहीं तर निघून जातां आलें पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारें यंत्र गाडींत असलेंच पाहिजे; या वायूस वास नाहीं, रंग नाहीं. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी आंत घेणें म्हणजे मृत्यूस बोलावणें आहे. परततांना बंदराजवळ गाडी सोडून जाऊं नये आणि प्रत्येक कुलूप पुन्हां तपासावें.

आम्ही पहिल्या दिवशीं पन्नासच किलोमीटर गेलों आणि दुपारींच तळावर थांबलों. आईनें वरणभात केला. दुसऱ्या सकाळीं नव्ह शापेलला पोंचलों. सपाट शेतांच्या मधें तें वर्तुळाकार आवार आहे. कमळाच्या आकृतीचा माथा असलेला उंच स्तंभ आहे, आणि त्याच्या दोहों बाजूंस दगडी वाघ बसलेले आहेत. भिंतीवर पथकवार नांवें कोरलेलीं आहेत. कोठें पाहावयाचें हें आम्हीं आधींच लिहून आणलें होतें, त्यामुळें आईस फार चालावें लागलें नाहीं. तिनें तें नांव वाचलें, बोटानें अक्षरें चाचपलीं, आणि पिशवींतून खडकीच्या अंगणांतील मातीची पुडी काढून भिंतीच्या पायथ्याशीं रिकामी केली. ती पुडी तिनें कधीं घेतली होती, हें आम्हांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें. वजनाच्या हिशेबांत ती धरलेली नव्हती, असें यजमान मागाहून म्हणाले. तेव्हां आईच प्रथम हंसली.

तात्पर्य एवढेंच, कीं अशा प्रवासांत पैसा वांचतो तो धाडसानें वांचत नाहीं. तो वांचतो घरीं बसून केलेल्या मोजमापानें, कमी सामानानें, कमी वेगानें आणि कमी अंतरानें. आणि याच चार गोष्टींनीं जीवहि वांचतो. दहा देश पाहून आलों असें सांगण्याचा मोह सोडावा. घरांतल्या वडील माणसाला कोठें जावयाचें आहे तें एकदां विचारावें, आणि नकाशावर तेवढीच एक रेघ काढावी. नियम आणि भाडीं बदलत असतात. निघण्यापूर्वीं तीं पुन्हां एकवार पाहून घ्यावीं.