शस्त्रक्रियेनंतरचे श्रम



जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला शस्त्रक्रिया करून कॉक्लियर इम्प्लांट बसविले की मूल बोलू लागते, असा समज वृत्तपत्रांतील छायाचित्रांनी रूढ केला आहे. शेजारी मंत्रिमहोदय, मुलाच्या कानावर नवे यंत्र आणि आईच्या डोळ्यांत पाणी! त्या पाण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु खरे काम त्या दिवसानंतर सुरू होते आणि ते कोण करते, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

कानावरचा प्रोसेसर ध्वनी टिपतो आणि अंतर्कर्णात बसविलेल्या बारीक तारा त्याचे विद्युत्संकेत थेट श्रवणनाडीला देतात. यंत्र एवढेच करते. संकेत म्हणजे भाषा नव्हे. पावसाचा आवाज, भांडे पडल्याचा आवाज आणि स्वतःचे नाव यांतला भेद मेंदूला शिकावा लागतो. त्याची ही तयारी पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते. वाचातज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून एखाद-दोन तास जाते. ते दिवसाकाठी बारा तास जागे असते असे धरले, तर आठवड्याचे ८४ तास होतात. उरलेले ८२ तास घराचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी आईचे. पीठ मळताना, कपडे वाळत घालताना, मुलाला न्हाऊ घालताना प्रत्येक वस्तूचे नाव आणि प्रत्येक कृतीचे क्रियापद त्याच्या जवळ बसून पुन्हा पुन्हा उच्चारायचे. तेही उत्तर येण्याची चिन्हे नसताना, कित्येक महिने. लुईझ ट्रेसी यांनी १९४२ साली लॉस एंजेलिस येथे स्वतःच्या बधिर मुलाच्या अनुभवातून जी संस्था उभारली, तिने प्रथमपासून पालकांनाच शिकविण्यावर भर दिला. चेन्नईचे बालविद्यालय १९६९ पासून आईला मुलाबरोबर वर्गात बसवीत आले आहे. तत्त्व नवे नाही.

नवे आहे ते यंत्राचे मोल. २०१४ च्या सुधारित एडिप योजनेने एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली आणि वर्षाला ५०० मुलांचे लक्ष्य ठेवले; मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही तिची मध्यवर्ती यंत्रणा. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु यंत्र, शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञाचे शुल्क यांचा हिशेब झाला, तरी आईचे श्रम फुकटच धरलेले असतात. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते की, घरकामासाठी ठेवलेल्या बाईशी मालकाने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते! काम तेच, वेतन मात्र गेले. भारताच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात असे आढळले, पुरुष ९७. कर्णबधिर मुलाच्या आईची मिनिटे या २९९ वर चढतात. बापाची संमतिपत्रावर सही असते; त्यापुढे तो किती वेळा दिसतो, हे कोणत्याही वाचातज्ज्ञाला विचारावे.

आता या तराजूत वर्ग घालून पाहावा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, अपत्यसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळू लागली. बीडची ऊसतोड मजूर बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते आणि पाच-सहा महिने फडावर राहते. तिच्या मुलाचे मॅपिंग, म्हणजे यंत्राची वेळोवेळीची जुळणी, कोणत्या गावी करायची? पाचटाच्या खोपीत बॅटरी कशावर चार्ज करायची? जिल्ह्याच्या गावी जायचे तर रोज बुडतो आणि मुकादमाची उचल फिटायची राहते. अशा मुलाची प्रगती खुंटली की अहवालात शेरा येतो: ‘पालकांचे सहकार्य अपुरे’. हा शेरा अन्यायाचा आहे. खुणांच्या भाषेला घरात मज्जाव करण्याचा सल्लाही याच आईच्या माथी मारला जातो, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. मुलाला बोलायचे कोणतेही साधन नाकारणे गैरच.

मागणी करायची ती नेमकी हवी. उपचाराच्या दिवशी सोबत येणाऱ्या पालकाला, मग तो बाप असो वा आई, किमान वेतनाइतका भत्ता व प्रवासखर्च मिळावा. अंगणवाडी सेविकेला या मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला मिळावा. हंगामात साखर कारखान्याच्या तळावर वाचातज्ज्ञाची फेरी असावी. यंत्राची केबल तुटली की ती बदलेपर्यंत मूल पूर्वीइतकेच बधिर असते. तेव्हा केबल, कॉइल आणि बॅटऱ्या यांचा साठा जिल्हा रुग्णालयातच ठेवावा, आणि मुदत संपलेल्या प्रोसेसरच्या बदलीचा खर्च योजनेतच धरावा.